मुलांच्या डोळ्यांपुढे जग मांडणारा शिक्षक : कोमेनियस

विद्यार्थी मित्रहो, बालवर्गात तुम्ही ज्या पुस्तकावरून अक्षरे गिरविली, त्या पुस्तकाची पाने क्षणभर आठवून पाहा. प्रत्येक अक्षराशेजारी एक चित्र होते. ते चित्र तुमच्या आधीच ओळखीचे होते, आणि त्याचे बोट धरूनच ते अनोळखी अक्षर तुमच्या जवळ आले. ही गोष्ट आपणांस आज इतकी स्वाभाविक वाटते, की ती कोणास तरी सुचावी लागली असेल, तिच्यासाठी कोणास झिजावे लागले असेल, हा विचारही मनास शिवत नाही. परंतु सुमारे साडेतीनशे वर्षांपूर्वी युरोपातील शाळांत असे पुस्तक दुर्मिळ होते. मुलांना जग दिसावे, दिसल्यावर समजावे आणि समजल्यावर त्याचे नाव त्यांच्या जिभेवर यावे, या एका ध्यासापायी ज्याने आपले आयुष्य वेचले, त्या शिक्षकाचे नाव यान आमोस कोमेन्स्की. लॅटिन वळणाने जग त्यास कोमेनियस या नावाने ओळखते.

आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागास मोराव्हिया म्हणतात. त्या प्रांतात दिनांक २८ मार्च १५९२ रोजी कोमेनियसचा जन्म झाला. त्याचे घराणे ‘बंधुसंघ’ या छोट्याशा ख्रिस्ती पंथाचे होते. १४१५ साली ज्यास जिवंत जाळण्यात आले, त्या यान हुस या धर्मसुधारकाचा वारसा हा पंथ सांगत असे. पंथ लहान असला तरी त्याची विद्येवरील भक्ती मोठी होती. त्याने आपल्या शाळा चालविल्या आणि संपूर्ण बायबल चेक भाषेत आणले. आपली भाषा म्हणजे आपले घर, ही जाणीव कोमेनियसला अशा रीतीने लहानपणापासूनच मिळाली.

पण खरेखुरे घर मात्र त्यास फार काळ लाभले नाही. तो बारा वर्षांचा असता वडील वारले. पाठोपाठ आई आणि दोन बहिणीही गेल्या. आत्याने या पोरक्या मुलास आपल्या घरी नेले. पण पुढच्याच वर्षी, म्हणजे १६०५ मध्ये, सीमेपलीकडून आलेल्या सैन्याने ते गाव लुटले व जाळले, आणि त्याच्या शाळेत खंड पडला. लॅटिन शाळेची पायरी चढण्यास त्यास सोळावे वर्ष उजाडले. इतर मुले ज्या वयात शाळेचा निरोप घेण्याच्या तयारीत असत, त्या वयात हा उंच मुलगा प्शेरोव्ह येथील शाळेत लहान मुलांच्या शेजारी बसला.

या उशिरामुळे एक मोठा लाभ झाला. लहान वयात सोसलेला त्रास माणूस बहुधा विसरून जातो. कोमेनियस मात्र तो त्रास जाणत्या डोळ्यांनी पाहत होता. त्या काळी विद्या म्हणजे लॅटिन, आणि लॅटिन शिकविण्याची रीत मोठी विलक्षण होती. लॅटिनचे व्याकरण लॅटिनमध्येच लिहिलेले असे, आणि ज्यास ती भाषा येत नाही अशा मुलाने ते आधी मुखोद्गत करावे अशी अपेक्षा असे. अर्थ नंतर, पाठांतर आधी. पाठ चुकले की छडी होतीच. ज्या वस्तूंचे शब्द मुले घोकत, त्या वस्तू खिडकीबाहेर उभ्या असत; पण खिडकीबाहेर पाहणे हाही गुन्हाच समजला जाई. आपल्या तारुण्याचा बहर या निष्फळ घोकंपट्टीत करपून गेला, अशी खंत कोमेनियसने पुढे व्यक्त केली आहे. मात्र तो नुसती खंत करीत बसला नाही. माझे जे झाले ते माझ्या मागून येणाऱ्या मुलांचे होऊ नये, असा त्याने मनाशी निश्चय केला.

१६११ साली उच्च शिक्षणासाठी तो जर्मनीतील हेरबॉर्न येथे गेला. तेथे आल्स्टेड नावाचे विद्वान अध्यापक होते. सर्व शास्त्रे एका सूत्रात ओवून एकाच ग्रंथात मांडावी, ही त्यांची आकांक्षा होती, आणि शिष्याच्या मनावरही तिचा ठसा उमटला. तेथेच, १६१२ साली, वीस वर्षांच्या या विद्यार्थ्याने आपल्या चेक भाषेचा एक बृहत्कोश रचण्यास आरंभ केला. चेक भाषेतील प्रत्येक शब्दास व वाक्प्रचारास लॅटिनमध्ये तोलामोलाचा शब्द आहे, हे त्यास जगाला दाखवायचे होते. या कोशाची आठवण वाचकांनी ठेवावी. त्याचे पुढे काय झाले, ते यथाकाल येईलच. हेरबॉर्नहून तो हायडेलबर्ग येथे गेला आणि परतताना त्याने एक हस्तलिखित विकत घेतले. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथाची ती खुद्द त्याच्या हातची प्रत होती. या खरेदीने खिसा रिता झाला, आणि तरुण कोमेनियस प्रागपर्यंत पायी चालत आला.

मायदेशी आल्यावर ज्या शाळेत तो शिकला होता, त्याच प्शेरोव्हच्या शाळेत तो शिक्षक झाला. लॅटिन सोपे करून सांगणारे एक छोटे व्याकरण त्याने १६१६ साली प्रसिद्ध केले. त्याच वर्षी त्यास धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. १६१८ पासून फुलनेक या गावी तो धर्मगुरू आणि शाळेचा प्रमुख अशा दोन्ही नात्यांनी काम करू लागला. विवाह झाला, मुले झाली. आयुष्यातील निवांत वर्षे कोणती असे त्यास कोणी विचारले असते, तर त्याने बहुधा हीच वर्षे सांगितली असती.

ती फार थोडी ठरली. १६१८ सालीच युरोपात तीस वर्षे चाललेल्या त्या भीषण धर्मयुद्धास तोंड फुटले. दिनांक ८ नोव्हेंबर १६२० रोजी प्रागजवळच्या श्वेतगिरीवर झालेल्या लढाईत चेक पक्षाचा पराभव झाला आणि बंधुसंघाच्या उपदेशकांवर लपून फिरण्याची पाळी आली. कोमेनियस फुलनेक सोडून परागंदा झाला. तो दूर असतानाच, १६२२ साली, त्याची तरुण पत्नी आणि दोन्ही लहान मुले प्लेगला बळी पडली. पुढच्या वर्षी फुलनेकच्या चौकात त्याच्या ग्रंथसंग्रहाची होळी करण्यात आली. एखादा माणूस यानंतर कडवट झाला असता. कोमेनियसने मात्र लपून राहून लेखन केले. जग हे एक भुलभुलैयाचे नगर असून त्यात भटकणारा यात्रिक अखेर आपल्या अंतःकरणाशी परत येतो, असे एक रूपक त्याने १६२३ साली चेक भाषेत रचले. त्या भाषेच्या वाङ्मयात हा ग्रंथ आजही अभिजात मानला जातो.

१६२८ च्या आरंभी त्याच्या पंथापुढे दोनच मार्ग उरले : धर्म सोडा किंवा देश सोडा. कोमेनियस आपल्या लोकांसह डोंगर ओलांडून पोलंडमधील लेश्नो या गावी गेला. त्या वेळी तो पस्तीस वर्षांचा होता. मायभूमीस परतण्याचा योग त्यास पुन्हा कधीही आला नाही. पुढची बेचाळीस वर्षे त्याने परदेशांतच काढली.

लेश्नोच्या शाळेत तो पुन्हा शिकवू लागला आणि तेथेच त्याची प्रतिभा फुलली. १६३१ साली त्याचे ‘भाषांचे उघडलेले द्वार’ या अर्थाचे लॅटिन नाव असलेले पाठ्यपुस्तक निघाले. सुमारे आठ हजार शब्द एक हजार वाक्यांत गुंफून, ती वाक्ये शंभर विषयांत त्याने विभागली होती. अग्नी, पाणी, झाडे, शरीर, घर, शेती असे ते विषय होते. शब्द सुटे शिकवावयाचे नाहीत, वस्तूच्या संगतीत शिकवावयाचे, हे त्यामागील तत्त्व. हे पुस्तक पाहता पाहता युरोपच्या बहुतेक भाषांत गेले. ज्यास स्वतःचा देश उरला नव्हता, अशा माणसाचे पुस्तक देशोदेशींच्या मुलांच्या हाती पडले.

याच काळात त्याने आपला शिक्षणशास्त्रावरील मोठा ग्रंथ सिद्ध केला. प्रथम तो चेक भाषेत लिहिला, मग लॅटिनमध्ये. छापला गेला मात्र १६५७ साली. त्यातील विचार आज वाचताना नवल वाटते. शिक्षण सर्वांना मिळाले पाहिजे. श्रीमंतास आणि गरिबास, शहरातल्यास आणि खेड्यातल्यास, मुलास आणि मुलीस. सहा वर्षांपर्यंतची शाळा म्हणजे आईची मांडी. सहा ते बारा वर्षांपर्यंतची शाळा मातृभाषेची. त्यानंतर लॅटिन, आणि त्याहीनंतर विद्यापीठ. ज्यास मातृभाषा नीट आली नाही त्यास परकी भाषा शिकविणे म्हणजे चालता न येणाऱ्या मुलास घोड्यावर बसविणे होय, अशा आशयाचे त्याचे मत होते.

शिक्षणाची साधने कशी असावीत, याविषयी तर त्याने बारकाईने लिहिले आहे. त्याचा पहिला दंडक असा, की जे डोळ्यांना दिसू शकते ते दाखवावे, जे ऐकू येते ते ऐकवावे, ज्यास वास वा चव आहे ते हुंगू व चाखू द्यावे, ज्यास स्पर्श करता येतो ते हाती द्यावे. आणि शक्य तेथे एकाच वेळी अनेक इंद्रियांपुढे ठेवावे. प्रत्यक्ष वस्तू मिळेनाशी झाली तरच तिचे चित्र किंवा नमुना आणावा. वर्गाच्या भिंती नकाशांनी, चित्रांनी आणि तक्त्यांनी सजवाव्यात, असे तो सांगतो. मानवी शरीर शिकविण्यासाठी हाडांच्या सांगाड्यावर चामड्याचे, लोकर भरलेले स्नायू, शिरा व इंद्रिये बसवून एक नमुना करावा, अशीही त्याची सूचना आहे. आज आपल्या प्रयोगशाळेत जो शरीराचा नमुना उभा असतो, त्याचे स्वप्न या माणसाने सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात पाहिले होते.

त्या युगाचे सर्वांत नवे आणि प्रभावी यंत्र म्हणजे छापखाना. आपल्या गोव्यात तो १५५६ साली आला, हे आपण इतिहासात शिकलो आहोत. जर्मनीत त्याचा जन्म त्याच्याही सुमारे शंभर वर्षे आधीचा. या यंत्राने कोमेनियसचे मन भारून गेले होते. एक लेखणी एका वेळी एकच प्रत उतरवते, आणि छापखाना मात्र हजारो प्रती काढतो. तर शाळेनेही असेच काम का करू नये, असे त्याने विचारले. या उपमेचा त्याने कसा विस्तार केला, ते पाहण्यासारखे आहे. विद्यार्थ्यांची मने हा कागद, पाठ्यपुस्तके आणि साधने हे खिळे, आणि शिक्षकाचा जिवंत आवाज ही शाई. खिळे कितीही सुबक असोत, शाई नसेल तर कागद कोराच राहावयाचा. यंत्राच्या मोहात पडलेल्या त्या युगात, यंत्राचाच दृष्टान्त घेऊन त्याने माणसाची जागा दाखवून दिली, ही त्याच्या बुद्धीची खरी थोरवी होय.

त्याची कीर्ती आता सर्वत्र पसरली होती. १६४१ साली सॅम्युएल हार्टलिब आणि त्याच्या स्नेह्यांच्या निमंत्रणावरून तो लंडन येथे गेला. सर्व ज्ञान एकत्र करून मनुष्यमात्राच्या कल्याणास लावणारी एक विद्वत्संस्था तेथे स्थापावी, असा बेत होता. पण इंग्लंडात राजा आणि पार्लमेंट यांचे युद्ध पेटण्याची चिन्हे दिसू लागली आणि तो बेत विरून गेला. १६४२ मध्ये तो निघाला. वाटेत हॉलंडात देकार्त या तत्त्ववेत्त्याची त्याने भेट घेतली आणि पुढे स्वीडनला गेला. तेथील मुत्सद्दी प्रधान ओक्सेनस्टिएर्ना याने कित्येक दिवस त्याची कसून परीक्षा घेतली आणि स्वीडनच्या शाळांसाठी पाठ्यपुस्तके लिहिण्याचे काम त्याच्यावर सोपविले. कोमेनियसला सर्व ज्ञानाचा महाग्रंथ लिहायचा होता. शालेय पुस्तके करणे त्यास जिकिरीचे वाटे. तरीही आज ना उद्या स्वीडन आपल्या लोकांना मायदेशी परत नेईल, या आशेवर तो बाल्टिक किनाऱ्यावरील एल्बिंग या गावी सहा वर्षे राबत राहिला. १६४८ साली युद्ध संपले. तहात त्याच्या पंथासाठी एक ओळही नव्हती. परतीचा दरवाजा कायमचा बंद झाला. त्याच वर्षी त्याची दुसरी पत्नीही निवर्तली, आणि बंधुसंघाने त्यास आपला बिशप निवडले.

१६५० साली हंगेरीतील शारोशपाटक येथून, राकोत्सी या सरदार घराण्याकडून त्यास बोलावणे आले. आपल्या कल्पनेप्रमाणे सात वर्गांची आदर्श शाळा उभारावी, असा त्याचा संकल्प होता. प्रत्यक्षात तीनच वर्ग सुरू होऊ शकले. मुले जुन्या घोकंपट्टीत वाढलेली. नव्या पद्धतीत त्यांचे मन रमेना. तेव्हा कोमेनियसने एक वेगळाच मार्ग काढला. आपल्या पाठ्यपुस्तकाचीच त्याने आठ नाटके केली आणि ती मुलांकडून लोकांसमोर करविली. कोणी शेतकरी झाला, कोणी वैद्य, कोणी ज्योतिषी. प्रत्येकाने आपापल्या हत्यारांची व कामांची नावे रंगमंचावर सांगितली. जी मुले पुस्तकापुढे मुकी बसत, ती प्रेक्षकांपुढे बोलू लागली. आपल्या स्नेहसंमेलनात भाग घेणाऱ्या मुलामुलींना या घटनेचे मर्म निराळे समजावून सांगावयास नको.

आणि येथेच त्याच्या सर्वांत प्रसिद्ध पुस्तकाचा आराखडा तयार झाला. लॅटिन नावाचा अर्थ सांगावयाचा तर ‘इंद्रियांना दिसणारे जग, चित्रांत’ असे त्याचे नाव. परंतु चित्रांचे ठसे कोरणारा कुशल कारागीर हंगेरीत मिळेना. अखेर हस्तलिखित जर्मनीतील न्यूरेंबर्ग येथे एंडटर या प्रकाशकाकडे पाठविण्यात आले. लाकडावर दीडशे चित्रे कोरावयाची म्हणजे वर्षांचे काम. कोमेनियस १६५४ साली लेश्नोला परतला. पुस्तक अद्याप न्यूरेंबर्गमध्ये तयार होत होते.

या विलंबाची आठवण झाली की मन थबकते. कारण एप्रिल १६५६ मध्ये लेश्नो जळाले. पोलंड आणि स्वीडन यांच्या युद्धात त्या गावाने स्वीडनची बाजू घेतली होती, आणि स्वतः कोमेनियसने स्वीडनच्या राजाची प्रशस्ती लिहून छापली होती. ती त्याची चूक होती, असे म्हटल्यावाचून गत्यंतर नाही. परतीच्या आशेने आंधळा झालेला माणूस ज्या चुका करतो त्यांपैकी ती एक. पोलिश सैन्याने गावास आग लावली. घर गेले, ग्रंथ गेले, सर्वज्ञानाच्या महाग्रंथाची टिपणे गेली. आणि ज्यावर चव्वेचाळीस वर्षे काम चालले होते तो चेक भाषेचा बृहत्कोशही राख झाला. त्या कोशाचे दुःख आपण मरेपर्यंत विसरणार नाही, असे त्याने लिहून ठेवले आहे. ज्यास जमीन उरली नाही त्याने शब्दांत आपला देश साठवून ठेवला होता. तो देशही गेला.

न्यूरेंबर्गला गेलेले पुस्तक मात्र वाचले. १६५८ साली ते प्रसिद्ध झाले. त्याची रचना साधी होती. प्रत्येक पाठाच्या माथ्यावर एक चित्र. चित्रातील प्रत्येक वस्तूवर एक आकडा. आणि खाली दोन रकान्यांत, एका बाजूस लॅटिन व दुसऱ्या बाजूस जर्मन, तेच आकडे घातलेली छोटी वाक्ये. मुलाने आकडा पाहावा, वस्तूवर बोट ठेवावे आणि दोन्ही भाषांत तिचे नाव घ्यावे. आरंभी अक्षरमाला होती आणि तिच्यात बहुतेक ध्वनींसाठी एकेक प्राणी : कावळा, कोकरू, बदक, मांजर. प्राण्याचा आवाज काढता काढता मुलाने अक्षराचा उच्चार शिकावयाचा. मग आकाश, अग्नी, जल, पृथ्वी, फुले, पक्षी, पशू. त्यानंतर विणकर, सुतार, लोहार, खाणकामगार, भटारी, छपाई करणारा. पुढे ग्रहणे, शहर, न्यायालय, नाटक, चेंडूचा खेळ. दीडशे पाठांत सारे जग. पहिल्या आणि शेवटच्या पानांवर मात्र एकच चित्र, शिक्षक आणि विद्यार्थी समोरासमोर. म्हणजे सगळे जग पाहून झाले तरी या दोघांची भेट संपत नाही.

पुस्तकाच्या प्रस्तावनेत त्याने ते वापरावे कसे, हेही सांगितले आहे. मुलास शाळेत घालण्यापूर्वीच ते त्याच्या हाती द्यावे आणि त्यास हवे तसे पाहू द्यावे. चित्रे पाहून त्याने स्वतःच्या हाताने ती काढावीत. आणि जी वस्तू घरात, अंगणात वा बाजारात आहे ती चित्राबरोबर प्रत्यक्षही दाखवावी. ज्या वस्तू सहसा दिसत नाहीत त्या मोठ्या शाळांनी संग्रही ठेवाव्यात. ज्याने सचित्र पुस्तकाचा एवढा मोठा प्रपंच केला, त्यानेच चित्रावर विसंबू नका असे बजावले. मनुष्याच्या आत्म्याविषयीच्या पाठात तर त्याने एक चमत्कारिक चित्र घातले आहे : नुसत्या ठिपक्यांनी रेखाटलेली एक मानवाकृती, आत काहीच नाही. जे दिसत नाही तेही मुलास दाखविण्याचा हा प्रयत्न पाहून थोडे हसू येते, आणि मग लक्षात येते की चित्राची मर्यादा त्याने येथे चित्रानेच सांगितली आहे.

हे पुस्तक दुसऱ्याच वर्षी इंग्रजीत गेले. पुढे चार चार भाषांच्या रकान्यांनीही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. जवळजवळ शंभर वर्षांनंतर जर्मन महाकवी गटे लहान असताना त्याच्याही हाती हेच पुस्तक पडले होते.

शेवटची चौदा वर्षे कोमेनियसने आमस्टरडॅम येथे, देगेअर या धनिक घराण्याच्या आश्रयास काढली. तेथे त्याचे शिक्षणविषयक समग्र लेखन भव्य स्वरूपात छापले गेले. काही भविष्यवाद्यांच्या वाणीवर विश्वास ठेवून ती भविष्ये त्याने प्रसिद्ध केल्यामुळे विद्वानांनी त्याची थट्टा केली. ती अगदीच अन्यायाची होती असे नाही. तरीही हा वृद्ध मनुष्य राष्ट्रांत शांतता कशी नांदेल आणि सर्व माणसे सर्व गोष्टी कशी शिकतील, याचाच विचार लिहीत राहिला. दिनांक १५ नोव्हेंबर १६७० रोजी, वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षात, त्याने देह ठेवला. आमस्टरडॅमजवळच्या नार्डेन या छोट्या गावी तो चिरविश्रांती घेत आहे. मानवी व्यवहाराच्या सुधारणेवरील त्याच्या अखेरच्या महाग्रंथाचे हस्तलिखित शतकानुशतके हरवल्यासारखे होते. ते जर्मनीतील हाले या गावी विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात सापडले आणि १९६६ साली प्राग येथे संपूर्ण छापले गेले. ज्या देशाने त्यास ठाव दिला नाही, तो देश आता त्याचा जन्मदिवस, २८ मार्च, शिक्षकदिन म्हणून पाळतो, आणि तेथील दोनशे क्राउनच्या नोटेवर त्याची मुद्रा आहे.

कोमेनियसच्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? आता आपल्या वर्गांत पांढऱ्या पडद्यावर चित्रपट दिसतो, भिंतीवरचा फळा बोटाने स्पर्श करताच बोलू लागतो, आणि पृथ्वीच्या पाठीवरील कोणतेही ठिकाण क्षणार्धात डोळ्यांपुढे येते. कोमेनियसने हे पाहिले असते तर तो आनंदाने नाचला असता, यात शंका नाही. पण त्याने लगेच दोन प्रश्नही विचारले असते : खिडकीबाहेर जे आहे ते तुम्ही मुलांना दाखविले काय? आणि चित्र सरकून गेल्यावर मुलाच्या हातांनी व जिभेने काय केले?

या प्रश्नांचे उत्तर मला एका विद्यार्थ्याने शिकविले, ते येथे सांगतो. गेल्या पावसाळ्यात मी वर्गात भातशेतीचा एक सुरेख चित्रपट दाखविला. पाच मिनिटांत नांगरणीपासून मळणीपर्यंत सारे झाले. मुलांनी शांतपणे पाहिले, आणि मी समाधानाने पडदा गुंडाळू लागलो. तोच मागच्या बाकावरचा एक मुलगा, एरवी जो सहसा तोंड उघडत नाही, तो उभा राहिला आणि म्हणाला की लावणी करताना रोप असे धरीत नाहीत. दुसऱ्या दिवशी तो घरच्या शेतातून मूठभर रोपे चिखलासकट घेऊन आला. मुळे कशी धुवायची, अंगठ्याने ती चिखलात कशी दाबायची, हे त्याने वर्गाला दाखविले. त्या रोपांना तो घरच्या कोंकणीत तरवो म्हणाला. मी फळ्यावर तीन रकाने आखले : पहिल्यात तरवो, दुसऱ्यात रोप, तिसऱ्यात इंग्रजी सीडलिंग. रकाने आखताना मला एकाएकी न्यूरेंबर्गच्या त्या पुस्तकाचे पान दिसले. त्या दिवशी वर्गात सर्वांनी रोपे हाती घेतली, सर्वांचे हात चिखलाने माखले, आणि तो पाठ कोणी विसरलेले नाही.

चित्रपट वाया गेला असे मी म्हणणार नाही. तो नसता तर तो मुलगा उभाच राहिला नसता. साधनाने दार उघडले. आत मात्र तो मुलगा स्वतःच्या पायांनी गेला आणि आम्हा सर्वांना घेऊन गेला. कोमेनियसचे घर दोनदा उजाड झाले, ग्रंथ दोनदा जळले, आयुष्यभराचा शब्दसंग्रह राखेत मिळाला. तरी मुलांसाठी दार उघडीत राहण्याचे काम त्याने सोडले नाही. विद्यार्थी मित्रहो, तुमच्या पुस्तकातले एखादे चित्र पुढच्या वेळी पाहाल, तेव्हा त्यावर बोट ठेवून तुमच्या घरच्या भाषेत त्याचे नाव घ्या, आणि मग ती वस्तू शोधावयास बाहेर पडा. त्या थोर शिक्षकास याहून निराळी आदरांजली हवी आहे, असे मला वाटत नाही.